सूर पुढे, शब्द मागे

१७९२च्या जुलै महिन्यात बेलफास्टमध्ये हार्प या वीणेसारख्या तंतुवाद्याच्या वादकांचा मेळा भरला. जाहिरात देऊन आयर्लंडभरातून वादक बोलावले होते. आले दहा, आणि अकरावा वेल्सचा. त्यांतले बरेचसे अंध होते, जमीनदारांच्या वाड्यावाड्यांवर वाजवत आयुष्य काढलेले. डेनिस हेम्पसन तर नव्वदीच्या पुढचे, आणि पितळी तारा वाढवलेल्या नखांनी छेडण्याची जुनी रीत पाळणारे तेवढे एकच उरले होते. या सगळ्यांचं वादन लिहून घ्यायला एडवर्ड बंटिंग हा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक नेमला होता. जे ऐकशील तेच लिही, पदरचं काही घालू नकोस, अशी त्याला ताकीद होती.

पोराचा कान तयार होता. त्या मेळ्यात त्याला या संगीताचं जे वेड लागलं ते मरेपर्यंत सुटलं नाही. तिसरा संग्रह त्याने १८४० साली काढला. पण एक गोष्ट त्याला जमण्यासारखी नव्हती. यातल्या कित्येक चाली गाण्यांच्या होत्या, गाणी आयरिश भाषेत होती आणि बंटिंगला आयरिश येत नव्हती. १७९६चा त्याचा पहिला संग्रह म्हणजे पियानोसाठी बसवलेल्या चाली. शब्द नाहीत.

पुढे १८०२ मध्ये पॅट्रिक लिंच नावाच्या मास्तरांना शब्द गोळा करायला पश्चिमेकडे, कॉनॉट प्रांतात धाडलं गेलं. लिंच आयरिशचे जाणकार. गावोगाव हिंडून त्यांनी गाणी उतरवून आणली. पण दुसऱ्याच वर्षी टॉमस रसेल या क्रांतिकारकावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. रसेलला आयरिश शिकवणारे हेच लिंच. सरकारने त्यांनाच दडपणाखाली साक्षीला उभं केलं, आणि रसेल फासावर गेला. लिंचनी आणलेले शब्द बंटिंगच्या कागदांत शंभरेक वर्षं पडून राहिले. तोवर टॉमस मूर या डब्लिनच्या कवीने बंटिंगच्या संग्रहातल्या चाली उचलून त्यांवर गोड इंग्रजी गीतं रचली होती. १८०८पासून ती लंडनच्या दिवाणखान्यांत गाजू लागली. बंटिंगचा जळफळाट झाला, तो समजण्यासारखाच आहे.

केल्टिक म्हणून, म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स या मुलखांतलं म्हणून, जगभर जे पोचतं, त्याचा साचा मला या हकिगतीत दिसतो. सुरांना प्रवास सोपा जातो. शब्दांना मात्र बोट धरून नेणारा कुणीतरी लागतो, आणि तो बऱ्याचदा उशिरा येतो किंवा येतच नाही.

माझा स्वतःचा या जगात प्रवेश अर्थातच सुरांतून झाला. एन्याच्या कॅसेटी होत्या. बाई गातात काय ते कळत नव्हतं आणि कळायला हवं असंही कधी वाटलं नाही. धुकं, कडे, समुद्र, कुठलीतरी प्राचीन हुरहुर, असा सगळा ऐवज डोळे मिटले की आपोआप हजर. एन्या डोनेगॉलमधल्या आयरिश बोलणाऱ्या टापूतली, घरची भाषा आयरिश, हे मला फार नंतर समजलं. तिच्या भावंडांचा नि मामांचा ‘क्लॅनड’ हा गट १९८२ साली एका दूरदर्शन मालिकेच्या शीर्षकगीतामुळे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेला. मालिका उत्तर आयर्लंडमधल्या रक्तपाताची, गाणं आयरिशमधलं. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात आयरिश ऐकू आली ती तेव्हा पहिल्यांदा. आणि खुद्द एन्याने २००५च्या एका संग्रहात काही गाणी गायली ती लॉक्सियन भाषेत; ही भाषा तिच्या गीतकार रोमा रायन यांनी रचलेली. याबद्दल मला तक्रार करायची नाही, गाणी सुंदर आहेत. पण श्रोत्याला शब्द कळायचेच नसतील तर खरी भाषा काय नि बनवलेली काय, त्याला दोन्ही सारख्याच. हे वाक्य मी माझ्यासारख्या श्रोत्याबद्दल लिहितो आहे.

धुक्याचा हा धंदा तसा जुना आहे. १७६०च्या दशकात जेम्स मॅक्फर्सन या स्कॉटिश गृहस्थाने ऑशन नावाच्या प्राचीन कवीची महाकाव्यं गेलिकमधून, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेतून, भाषांतरित केली असं सांगून अख्ख्या युरोपला रडवलं. जर्मन कवी गटेच्या कादंबरीचा नायक व्हेर्टर, त्याला ऑशन पाठ, नेपोलियन त्याचा भक्त. मूळ पोथ्या दाखवा म्हटल्यावर मॅक्फर्सनकडून समाधानकारक काही आलं नाही. यात सर्वांत मोठं नुकसान झालं ते खऱ्याखुऱ्या गेलिक गाण्यांचं. ती होती, लोक ती गात होते. पण त्यांत ऑशनइतकं धुकं नव्हतं.

खरी गाणी कशी असतात? स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांवर बायका लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून ते ओलं करून लांब फळीवर आपटायच्या. कापड भिजवायला साठवलेलं मूत्र वापरत. हे कॅसेटच्या वेष्टणावर कुणी छापत नाही. फळीच्या दोन्ही बाजूंना बायका, मधे ओलं कापड, तालावर आपटणं चालू. एक जण ओळ म्हणते, बाकीच्या ध्रुपद उचलतात. शब्दांत प्रेम आहे, बुडालेले नावाडी आहेत, आणि कुणाचं कुणाशी जमवावं याची टिंगलही आहे. काही गाणी तीन-चारशे वर्षं जुनी. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी लक्ष देऊन ऐकल्या आहेत त्यांना इथे परकं वाटणार नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या, त्या गाणारणीचं नाव आणि गाव यांच्यासकट. शब्द आणि बाई एकमेकींपासून तोडायच्या नाहीत, ही त्या कामातली शिस्त मला फार मोलाची वाटते.

हीच शिस्त हेब्रिडीजमध्ये एका अमेरिकन बाईंनी पाळली. मार्गरेट फे शॉ पियानो शिकलेल्या. सांधेदुखीने बोटं धरली आणि मैफलीत वाजवण्याचं स्वप्न संपलं. १९२९ साली त्या साउथ यूइस्ट बेटावर पेगी आणि मारी मॅक्रे या दोन बहिणींच्या घरी राहायला गेल्या आणि सहा वर्षं राहिल्या. गाई, पीट नावाचं मातीचं इंधन कापणं, बटाटे, चूल, आणि कामाच्या अधेमधे गाणी. शॉबाई भाषा शिकल्या, चाल लिहून घेतली, शब्द लिहून घेतले, फोटो काढले. पुस्तक १९५५ साली आलं. त्यात गाण्यांच्या शेजारी घरगुती औषधं, म्हणी आणि पाककृतीही आहेत. बंटिंगला मेळ्याचे दिवस मिळाले होते, शॉबाईंनी वर्षं दिली. फरक पानोपानी दिसतो. एखादी चाल ऐकून मला ती आवडली की हल्ली मी आधी शोधतो, लिहून घेणारा किती दिवस त्या घरात जेवला.

पुस्तकांचं म्हणाल तर माझं कपाट एका बेटाने अडवलं आहे. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, डिंगल द्वीपकल्पासमोर ग्रेट ब्लास्केट नावाचं बेट आहे. तिथली वस्ती कधी दोनशेला पोचली नाही. चर्च नाही, दुकान नाही, डॉक्टर नाही. १९२९ ते १९३६ या काळात या बेटाने आयरिश भाषेला तीन आत्मकथनं दिली. दोनशेच्या आतल्या गावातून तीन अभिजात पुस्तकं हे प्रमाण कुठल्याही राजधानीने हेवा करावा असं आहे.

पहिलं तोमास ओ क्रिहनचं. तोमास मासेमार. शाळेत त्याला लिहायला-वाचायला शिकवलं ते इंग्रजीत. स्वतःची भाषा वाचायला तो चाळिशीच्या सुमारास शिकला. १९०७ मध्ये कार्ल मार्स्ट्रांडर हा नॉर्वेचा भाषापंडित त्याच्याकडे आयरिश शिकायला येऊन राहिला, पुढे इंग्लंडहून रॉबिन फ्लॉवर आला. १९१७ साली ब्रायन ओ केली नावाचा किलार्नीचा माणूस आला आणि त्याने या मासेमाराला गॉर्की वाचून दाखवला, पिएर लोती वाचून दाखवला. हेतू एवढाच की गरीब माणसांच्या जगण्याचंही पुस्तक होतं हे याला पटावं. पटलं. तोमास लिहायला बसला.

त्याचं गद्य वाचताना मला प्रत्येक वेळी दचकायला होतं, कारण तो रडत नाही. दहा मुलं झाली, बहुतेक त्याच्या डोळ्यांदेखत गेली. एक कड्यावरून पडला. काही गोवर-डांग्या खोकल्याने गेली. १९०९ साली डब्लिनहून आयरिश शिकायला आलेली एक तरुणी समुद्रात बुडू लागली. तिला वाचवायला तोमासच्या मुलाने उडी घेतली आणि दोघंही गेली. भाषेच्या प्रेमाने एक शहरी मुलगी बेटावर येते आणि त्याच भाषेतल्या घरातला मुलगा तिच्यासाठी जीव देतो. एखाद्या कादंबरीकाराने यावर शंभर पानं लिहिली असती. तोमास थोडक्यात सांगतो आणि पुढच्या मोसमातल्या मासेमारीकडे वळतो. आमच्यासारखे पुन्हा होणे नाही, अशा अर्थाचं त्याचं वाक्य फार प्रसिद्ध झालं. इतकं, की १९४१ मध्ये फ्लॅन ओब्रायन या विनोदी लेखकाने या असल्या आत्मकथनांची आयरिशमध्येच टर उडवणारं पुस्तक लिहिलं तेव्हा त्याने तेच वाक्य धरून ठेवलं. त्याच्या पुस्तकात पाऊस थांबतच नाही, बटाट्याखेरीज अन्न नाही, आणि भाषाप्रेमी शहरी मंडळी गरिबीचं निरीक्षण करायला झुंडीने येतात. मी स्वतःला त्या झुंडीत ओळखलं आणि तरी पोट धरून हसलो.

पेग सेयर्सची गोष्ट वेगळी. तिला आयरिश लिहिता येत नव्हतं; तिने सांगितलं आणि मुलाने लिहून घेतलं. पुढे सरकारने ते पुस्तक शाळेत लावलं आणि पिढ्यान् पिढ्या आयरिश मुलांनी परीक्षेसाठी घोकून घोकून म्हातारीचा मनापासून तिरस्कार केला. धड्याखालच्या ‘कोण कोणास म्हणाले’ने काय काय मारलं आहे याचा हिशोब आपल्याकडेही कुणीतरी मांडायला हवा. गंमत अशी, की ज्यांनी पेगला समोर बसून ऐकलं ते सगळे सांगतात की बाई अतिशय खट्याळ होती, जिवंत होती. छापताना तो खट्याळपणा बराचसा गाळला गेला. १९५३ मध्ये बेटावरचे शेवटचे बावीस जण सरकारने मुख्य भूमीवर आणले.

पेगच्या शेकडो गोष्टी टिकल्या त्या मात्र आयर्लंडच्या लोककथा आयोगामुळे. १९३५ साली स्थापन झालेल्या या आयोगाची माणसं एडिफोन नावाचं यंत्र सायकलवर किंवा मोटारीत घालून खेडोपाडी जात आणि मेणाच्या नळकांड्यांवर गोष्टी ध्वनिमुद्रित करत. मग रात्री बसून शब्द न् शब्द वहीत उतरवत. आणि नंतर? पैसे नव्हते, नळकांडी महाग. म्हणून उतरवून झालं की मेणाचा वरचा थर तासून काढत आणि त्याच नळकांड्यावर पुढच्या म्हाताऱ्याची गोष्ट घेत. हजारो पानं शब्द राहिले, आवाज तासला गेला. बंटिंगने सूर वाचवले आणि शब्द गमावले. दीडशे वर्षांनी त्याच देशात नेमकं उलटं घडलं. मला यात कुणाला दोष देववत नाही. समोर दोन म्हातारे आहेत, दोघेही फार दिवसांचे सोबती नाहीत, आणि नळकांडं एकच आहे. तुम्ही काय केलं असतं?

याच आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात शाळेतल्या मुलांना कामाला लावलं. पाच हजार शाळांतल्या पोरांनी आजी-आजोबांना विचारून चामखिळीवरचे उपाय, भुतं, हवामानाचे ठोकताळे, लपवलेलं सोनं असलं सगळं वह्यांत लिहून आणलं. ते आता इंटरनेटवर बघता येतं, पोरांच्या गिरवलेल्या अक्षरासकट. रात्री झोप येत नसेल तर मी तिथे जातो, आणि मग झोप येतच नाही.

सिनेमांविषयी माझी मतं जरा तिरकी आहेत. १९३४ साली रॉबर्ट फ्लाहर्टीने अॅरन बेटांवर माहितीपट केला. लाटा, कडे, प्रचंड माशाची शिकार. छायाचित्रण आजही अंगावर येतं. पण ती शार्कची शिकार बेटावरच्या लोकांनी कधीच सोडून दिली होती. चित्रपटासाठी त्यांना ती नव्याने शिकवावी लागली. आवाज नंतर लंडनच्या स्टुडिओत भरले, आणि माणसं काय बोलतात ते धड ऐकूच येत नाही. आयरिश बोलणारी माणसं, तोंडात इंग्रजीची पुटपुट, आणि वर समुद्राची गर्जना. त्याच मुक्कामात, त्याच मंडळींना घेऊन, फ्लाहर्टीने आयरिश सरकारच्या पैशाने एक छोटा चित्रपटही केला. शेकोटीपाशी एक म्हातारा आयरिशमध्ये गोष्ट सांगतो आणि बाकीचे ऐकतात, एवढाच. आयरिशमधला हा पहिला बोलपट. गाजलेला माहितीपट जगभर फिरला. हा छोटा चित्रपट हरवला, आणि २०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात त्याची प्रत सापडली. सूर पुढे, शब्द मागे, असं पुन्हा एकदा.

अगदी अलीकडेही, अॅरनवर आणि ॲकिलवर चित्रित झालेला, दोन मित्रांच्या भांडणाचा ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ हा गाजलेला चित्रपट मी दोनदा पाहिला आणि मला तो आवडला. पण १९२३ सालच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या बेटावरची सगळी माणसं चोवीस तास इंग्रजीत भांडतात हे मनाला खुपत राहिलं. त्याच वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, ‘अन कालीन क्यून’ आला. एका अबोल मुलीला उन्हाळ्यापुरतं नातेवाइकांकडे ठेवतात, एवढीच कथा. मुलीचा बाप जवळजवळ सगळं इंग्रजीत बोलतो, आणि जिथे तिला माया मिळते त्या घरात आयरिश आहे. दिग्दर्शक त्याबद्दल एक अक्षर काढत नाही. केस विंचरणं, विहिरीवर जाणं हे सगळं आयरिशमध्ये होतं, बस. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत नामांकन मिळालेला हा पहिला आयरिश भाषेतला चित्रपट. बेलफास्टच्या रॅप गाणाऱ्या तीन पोरांचा २०२४चा ‘नीकॅप’ हा चित्रपट याच्या अगदी दुसऱ्या टोकाला: शिव्या, अमली पदार्थ, पोलीस. तोही पाहावा. ज्या पश्चिम बेलफास्टमध्ये काही कुटुंबांनी १९७१ साली सरकारी मान्यतेशिवाय आयरिश माध्यमाची शाळा काढली, तिथलीच ही उडाणटप्पू फळं आहेत.

आता वेल्स. इथे माझा व्यवसाय आड येतो. मी पोटासाठी मालमत्तेचे कागद तपासतो. खरेदीखत, गहाणखत, कराच्या पावत्या. त्यामुळे केल्टिक इतिहासातला माझा सर्वांत आवडता दस्तऐवज म्हणजे घरपट्टीचं बिल.

लानेलीजवळच्या लांगेनेख गावात ट्रेव्हर आणि आयलीन बीस्ली हे जोडपं राहायचं. तो कोळशाच्या खाणीत, ती शिक्षिका. गाव वेल्श बोलणारं, नगरसेवकही वेल्श बोलणारे. बिल मात्र फक्त इंग्रजीत. १९५२ साली त्यांनी कळवलं की वेल्शमध्ये बिल पाठवा, लगेच भरतो. आलं नाही. त्यांनी भरलं नाही. जप्तीवाले आले, खुर्च्या-टेबलं गेली, पियानो गेला, पुन्हा समन्स. आठ वर्षांत सोळा वेळा कोर्टात उभे राहिले. १९६० मध्ये दोन्ही भाषांतलं बिल आलं. कुठे ना वीणा, ना धुकं. एक चिठोरं, ज्यावर रक्कम आणि मुदत लिहिलेली. दोन वर्षांनी सॉन्डर्स लुइस या नाटककाराने रेडिओवरच्या भाषणात याच जोडप्याचं उदाहरण देऊन सांगितलं की वेल्शशिवाय सरकारचं पान हलू नये असं करा, नाहीतर भाषा संपली समजा. त्याच वर्षी भाषेसाठीची संघटना उभी राहिली आणि तरुणांनी रस्त्यांवरच्या इंग्रजी पाट्या रंगवायला घेतल्या. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून कापेल केलिन हे अख्खं वेल्श बोलणारं गाव १९६५ मध्ये धरणाखाली गेलं, त्याची चीड होतीच. मुळशी ते कोयना कुठल्याही धरणाची कहाणी घरात ऐकलेल्या माणसाला ती चीड समजावून सांगायची गरज नाही.

१९८० साली सरकारने वेल्श दूरदर्शन वाहिनीचं वचन मोडलं, तेव्हा ग्विनव्होर एव्हान्स या पुढाऱ्याने आमरण उपोषणाची तारीख जाहीर केली. तारीख यायच्या आधीच सरकार नमलं. १ नोव्हेंबर १९८२ रोजी वाहिनी सुरू झाली. याच वाहिनीसाठी १९९२ मध्ये पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या हेड विन या कवीवर चित्रपट निघाला. त्याला कवितेसाठीचं मानाचं आसन जाहीर झालं तेव्हा तो मरून काही आठवडे झाले होते, म्हणून आसनावर काळं कापड घातलं. चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. उपोषणाच्या धमकीतून निघालेली ही कलाकृती आहे, हे श्रेयनामावलीत लिहिलेलं नसतं.

उपोषणावरून आठवलं. प्राचीन आयरिश कायद्यात एक तरतूद होती: बडा माणूस तुमचं देणं चुकवत असेल तर त्याच्या दारात उपाशी बसायचं. दुर्लक्ष करून तो जेवला तर अब्रू त्याची जाते. आपल्याकडे वसुलीसाठी दारात धरणं धरून बसायची रीत होती, आणि पगार थकला की मराठी फौजेतले शिपाई सरदारालाही तसंच गाठत. हेन्री मेन या कायदेपंडिताने १८७५ मध्ये हे साम्य मांडलं. भारतीय दंडविधानाच्या ५०८ कलमात तर धरणं धरणाऱ्याचं उदाहरणच दिलेलं होतं, गुन्हा म्हणून.

आणि मेन यांच्यानंतर काही वर्षांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायद्याचं खातं सांभाळणारे व्हिटली स्टोक्स हे तर आयरिश भाषेचे पहिल्या प्रतीचे अभ्यासक. डब्लिनचे. १८६२ मध्ये मद्रासला आले, १८८२पर्यंत भारतात राहिले. दिवसा कायद्यांचे मसुदे, फावल्या वेळात हजार वर्षांपूर्वीच्या आयरिश टीपा आणि संतचरित्रं. ती त्यांनी कलकत्त्यात आणि सिमल्यात छापून घेतली. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्यांच्या कारकिर्दीतला. मी रोज ज्यावर भाकरी कमावतो त्या कायद्याच्या मसुद्यांवरून आणि जुन्या आयरिशच्या व्याकरणावरून एकाच माणसाचा हात फिरला आहे, हे कळलं त्या दिवशी मी ऑफिसात कुणाला सांगू आणि कुणाला नको असा झालो. कुणालाच काही वाटलं नाही.

दुसरा दुवा आणखी मजेदार. डब्लू. बी. येट्स, आयरिश पुनरुज्जीवनाचा मेरुमणी, त्याला आयरिश भाषा येत नव्हती. तो कथा घ्यायचा त्या इंग्रजीत आलेल्या. उतारवयात, १९३१ मध्ये, त्याची गाठ पडली श्री पुरोहित स्वामींशी. हे मूळचे शंकर गजानन पुरोहित, विदर्भातल्या बडनेऱ्यात जन्मलेले. स्वामींचे गुरू भगवान श्री हंस यांनी कैलास-मानसरोवराच्या यात्रेचा वृत्तान्त मराठीत लिहिला होता. स्वामींनी तो इंग्रजीत आणला, १९३४ मध्ये तो लंडनला छापला गेला, येट्सने दीर्घ प्रस्तावना लिहिली आणि त्याच भरात मेरू पर्वतावर एक कविता केली. पुढे माजोर्का बेटावर एक हिवाळा एकत्र राहून दोघांनी दहा उपनिषदं इंग्रजीत आणली. येट्सला संस्कृतही येत नव्हतं. एका मराठी यात्रेकरूची पायपीट आयरिश कवीच्या ओळींत पोचली. येट्सवरची पुस्तकं मी ओळीने वाचली आहेत, पण त्या मूळ मराठी वृत्तान्ताबद्दल कुणा मराठी माणसाच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही. बंटिंगच्या वहीतले शब्द कुठे राहिले यावर मी एवढं लिहिलं. हे आपले शब्द कुठे आहेत ते आधी शोधायला हवं.

मँक्सबद्दल लिहिलं नाही तर लेख अर्धा राहील. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटाची ही भाषा. ती घरात शिकलेला शेवटचा माणूस नेड मॅड्रेल, मासेमार, डिसेंबर १९७४ मध्ये गेला. लहानपणी तो इंग्रजी न येणाऱ्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईजवळ वाढला म्हणून त्याला ती आली. १९४८ साली आयर्लंडच्या त्याच लोककथा आयोगाने गाडीत यंत्र घालून त्याचा आणि इतर काही म्हाताऱ्यांचा आवाज तबकड्यांवर घेतला. या वेळी तासून टाकला नाही. तरुण मंडळी ते ऐकून, आणि नेडकडे जाऊन बसून, भाषा शिकली. त्यांनी पुढच्यांना शिकवली. २००१ मध्ये मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. २००९ मध्ये युनेस्कोने मँक्स मृत झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या शाळेतल्या पोरांनी मँक्समध्येच पत्रं लिहून विचारलं की मग हे आम्ही कशात लिहितोय. युनेस्कोने नोंद बदलली. आज दोन हजारांहून जास्त लोक मँक्स येते असं सांगतात.

जाणकार कुरकुर करतात की ही नवी मँक्स इंग्रजी वळणाची आहे, जुने उच्चार गेले. मी नेडच्या मुद्रणांमागोमाग शाळेतल्या मुलांची गाणी ऐकली आहेत, आणि फरक माझ्यासारख्या परक्या कानालाही कळतो. नेड जवळपास असता तर त्याने पोरांना दर वाक्याला टोकलं असतं, आणि पोरांनी हो आजोबा, हो आजोबा म्हणत आपलंच दामटलं असतं.